रेंजवर मारलेली हाक

तिला हाक मी मारली होती. ही एवढी गोष्ट मी कितीतरी महिने कुणाला सांगितली नाही, आणि ज्याने तोंडावर विचारलं त्याला सरळ "नाही" म्हणालो. तिच्या पिस्तुलाला बाहेरचे भाग जोडले तेही मीच. त्यातल्या एका भागाने ऐन वेळी तिची वाट अडवली. दोष मात्र तिच्यावर गेला, आणि मी तो जाऊ दिला.

ती लहान मुलांच्या दवाखान्यात रक्त काढायचं काम करते. चार दिवसांच्या बाळाची केसासारखी शीर बोटाने शोधायची आणि एका टोचणीत रक्त घ्यायचं, हे तिचं रोजचं काम. माझ्या गप्प बसण्यामुळे तिचा आपल्या हातांवरचा भरवसा गेला, म्हणून हे लिहितो आहे.

आम्ही फ्रिस्कोला राहतो, डॅलसच्या उत्तरेला. मी पुण्याचा, वय पन्नाशीच्या पुढे, काम सॉफ्टवेअरचं. पिस्तुलाचा नाद मला फार उशिरा लागला. ऑफिसात माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान मॅनेजर आला होता. मीटिंगमध्ये मी बोलायला लागलो की लोक आपापल्या स्क्रीनकडे बघायचे. त्याच सुमारास एका सहकाऱ्याने शनिवारी मला गोळ्या झाडायच्या मैदानावर नेलं. त्याला इथे सगळे रेंज म्हणतात. पहिल्याच दिवशी माझ्या गोळ्या कागदाच्या मधोमध लागल्या. शेजारच्या बाकावरचा अनोळखी माणूस "नाइस शूटिंग, सर" म्हणाला. तेवढं पुरलं मला.

मग पिस्तूल घेतलं, आणि मग त्याला जोडायच्या वस्तू. मूळ कंपनी देत नाही असे कितीतरी भाग बाहेर मिळतात. नेम धरायला लाल ठिपका दाखवणारी छोटी काच, नळीखाली लावायचा टॉर्च, मोठी बटणं, बोटाच्या जराशा दाबाने सुटणारा हलका ट्रिगर. आणि मॅगवेल. पिस्तुलाच्या गोळ्या एका चपट्या डबीत, म्हणजे मॅगझीनमध्ये भरतात आणि ती डबी मुठीत खालून सरकवतात. मॅगवेल म्हणजे मुठीच्या तळाशी बसवायचं धातूचं फनेल. बाटलीत तेल ओतताना नरसाळं लावतो तसंच. घाईत डबी चुकत नाही, अलगद आत जाते. स्पर्धेत धावतपळत नेम मारणाऱ्यांसाठी ते केलेलं असतं. मी कधीच स्पर्धेत उतरलो नाही. तरी माझ्या पिस्तुलाला ते होतं.

रात्ररात्र रिव्ह्यू वाचायचो. आमच्या धंद्यातल्या माणसाला ती खोडच असते. नवीन व्हर्जन आलं की टाकायचं, प्लगइन दिसलं की जोडायचं, आणि काही अडलंच तर काढून टाकू म्हणायचं. काही भागांचा मला खरोखर उपयोग झाला, हेही सांगायला हवं. माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा दुखतो. पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे ओढायचा म्हणजे मला जीव काढावा लागे. त्यावर मुगाएवढी खुंटी बसवली आणि ते काम सोपं झालं. त्या एका अनुभवावरून मी ठरवून टाकलं की जोडलेली प्रत्येक वस्तू मदतच करते.

आमच्या मराठी ग्रुपवर हळूहळू मी 'पिस्तूलवाले दादा' झालो. "दादा, कुठलं घेऊ?" "दादा, बायकोला झेपेल का हे?" कुणी विचारलं की मी ऑफिसचं काम बाजूला ठेवून पानभर उत्तर लिहायचो. कुणीतरी माझं शेवटपर्यंत वाचतंय, याचं मला अप्रूप होतं.

तिचं घर आमच्याच गल्लीत, चार दारं सोडून. दोघं नागपूरची. तो कन्सल्टिंगमध्ये असल्यामुळे सोमवारी पहाटे विमानतळावर जातो आणि गुरुवारी परत येतो. मधले दिवस ती आणि सहा वर्षांची मुलगी. त्यांच्या हॉलमध्ये बाबासाहेबांची मोठी तसबीर आणि खाली बुद्धाची पांढरी मूर्ती आहे. संध्याकाळी माय-लेकी तिथे बसून वंदना म्हणतात, पंचशील म्हणतात. मुलीचे उच्चार अमेरिकन आहेत, पण म्हणते सगळं पाठ.

एका बुधवारी संध्याकाळी कुणीतरी त्यांच्या मागच्या दाराची काच फोडली. ती पोरीला घेऊन वरच्या बाथरूममध्ये कडी लावून बसली. अलार्म वाजला तसे ते लोक पळाले. काही गेलं नाही. आम्ही नवरा-बायको धावत गेलो तेव्हा ती झाडूने काच गोळा करत होती आणि तोंडाने एकच म्हणत होती, "ताई, पोरगी चप्पल नाही घालून राहिली, तिला सांगा चप्पल घाल."

त्यानंतर नवरा बाहेरगावी असला की तिला झोप येईना. व्हिसावर असताना बंदूक बाळगता येत नाही, पण त्यांची ग्रीन कार्डं तेव्हा नुकतीच आली होती. एका रविवारी दोघं आमच्याकडे आली. तो बोलत होता, ती चहाचा कप हातात फिरवत बसली होती. शेवटी तीच म्हणाली, "दादा, मी रोज म्हणते की जिवाची हत्या करणार नाही. मला कोणाला मारायचं नाहीये. पोरगी मागं असताना दार अडवून उभं राहता आलं पाहिजे, बस."

"तू काळजी नको करू," मी म्हणालो. "सगळं माझ्यावर सोड."

तिने पिस्तूल साधंच घेतलं होतं. डब्यातून निघालं तसं ते उत्तम चालत होतं. मी ते माझ्या गॅरेजमध्ये नेलं आणि माझ्या मनासारखं केलं. ट्रिगर हलका केला, मॅगवेल बसवलं. तिच्या वाढदिवसाला आम्ही कानांवर चढवायचे इलेक्ट्रॉनिक इअरमफ दिले. मोठा आवाज ते बंद करतात आणि बोलणं मात्र आत येऊ देतात. तिच्या नवऱ्याने विचारलं होतं, "दादा, नवशिक्याला एवढं लागते का?"

"अरे, कार घेताना एअरबॅग नको म्हणतोस का?" मी म्हणालो. सगळे हसले.

मॅगवेल लावलं की मॅगझीनही जाड बुडाची लागतात. मूळ मॅगझीनचं बूड चपटं असतं, ते फनेलच्या आत जाऊन बसतं आणि बाहेरून बोटांना धरायला काही उरत नाही. हे मला माहीत होतं. जाड बुडं मागवलीही होती, पार्सल यायचं होतं. एका शनिवाराने काय बिघडतंय, असं मनात म्हणून मी त्या दोघांना घेऊन रेंजवर गेलो.

रेंज गावाबाहेर आहे, उघड्यावर. वर पत्र्याची शेड, खाली लाकडी बाक, समोर मातीचा बंधारा. उन्हाने पत्रा तडतडत होता. ती बाकाशी उभी, मी तिच्या मागे, आणि माझ्या डावीकडे शेडच्या लाकडी खांबाला टेकून तिचा नवरा. तिची पहिली मॅगझीन छान गेली. ती हळू, मोजून झाडत होती. बाळाचं रक्त काढताना असेल तशी. मी नवऱ्याला खुणेने दाखवलं, बघ.

दुसऱ्या मॅगझीनला पिस्तूल अडकलं. एक गोळी नळीत गेली होती आणि दुसरी तिच्या पाठीवर चढून बसली होती, त्यामुळे वरचा भाग अर्ध्यावर थांबला. असं होतं कधीकधी. अशा वेळी नळी समोर ठेवायची, बोट ट्रिगरपासून लांब ठेवायचं आणि मॅगझीन हिसका देऊन खाली ओढून काढायची. मीच तिला शिकवलं होतं. तिने तसंच केलं. पिस्तूल समोर धरून डाव्या हाताने मॅगझीन ओढायला गेली, पण बोटं फनेलच्या काठावरून घसरली. पुन्हा गेली, पुन्हा घसरली.

"दादा, हे निघून नाही राहिलं," ती समोर बघतच म्हणाली.

ती बरोबर करत होती. एक पाऊल पुढे जाऊन मला तिच्या शेजारी उभं राहता आलं असतं. पण पलीकडच्या बाकावरचे दोघे गोरे म्हातारे थांबून आमच्याकडे बघत होते. मी जोडलेलं पिस्तूल, मी शिकवलेली बाई, आणि साधी मॅगझीन निघत नव्हती. मला लाज वाटली, राग आला, आणि मी मागूनच ओरडलो, "अगं ए, इकडे बघ! मी दाखवतो!"

आपल्याकडे मोठ्या माणसाने हाक मारली की पाठमोरं उत्तर देत नाहीत. मला लहानपणी याच्यावरून मार बसला आहे, तिलाही बसला असेल. हाक आली की माणूस वळतो. रेंजवर नेमकं हेच करायचं नसतं. तिने आधी केलेल्या सुरक्षेच्या वर्गात शिकवणाऱ्या अमेरिकन माणसाने हातात पिस्तूल घेऊन वळू नका, हे दहा वेळा बजावलं होतं. मागून मराठीत कुणी "अगं" म्हटलं तर काय करायचं, हे त्याच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं.

ती वळली. वळता वळता तिने मॅगझीनला शेवटचा हिसका दिला. अडकलेली गोळी निसटून खाली पडली आणि वरचा भाग खटकन पुढे जाऊन बसला. नळीतली गोळी आता सुटायला तयार होती, हे तिला कळायला क्षणसुद्धा मिळाला नाही. हिसक्यासाठी आवळलेल्या मुठीतलं एक बोट ट्रिगरवर गेलं. मी हलका केलेल्या ट्रिगरवर.

आवाज झाला तो मला ऐकू आल्याचं आठवत नाही. खांबाचा ढलपा उडालेला आठवतो. तिच्या नवऱ्याच्या खांद्याला तो चाटून गेला. गोळी लाकडात घुसली होती, त्याच्या कानापासून वीतभर लांब. तो तसाच उभा होता, खांबाला टेकलेला, दोन्ही हात खिशात. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग त्याने एक हात खिशातून काढला आणि खांद्यावरचा भुसा झटकला, जसं पावडर सांडल्यावर झटकतो. ते बघून मी बाकाला धरलं.

रेंजवरचा देखरेखीचा माणूस ओरडत धावत आला. त्याने तिच्या हातातून पिस्तूल काढून घेतलं. ती पुतळ्यासारखी उभी होती, तळवे वर करून. त्याने आमच्या तिघांकडे पाहिलं आणि मला विचारलं, "ती का वळली? कुणी बोलावलं तिला?"

"नाही," मी इंग्रजीत म्हणालो. "घाबरली ती. घाबरून वळली."

त्या शेडखाली मराठी कळणारे आम्ही तिघंच होतो. तिच्या नवऱ्याने कानात बोळे घालून वर जाड मफ लावले होते, त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. माझ्या तोंडून किती सहज गेलं ते! त्या गोळीचा धक्का पुढे कमी होत गेला. त्या "नाही"चा अजून गेलेला नाही. एवढं पटकन, एवढ्या सरळ चेहऱ्याने मी खोटं बोलू शकतो, हे मला पन्नास वर्षं माहीत नव्हतं.

त्या माणसाने तिला पुन्हा रेंजवर येऊ नका म्हणून सांगितलं. मला काही म्हणाला नाही.

गाडीत ती मागे बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "दादा, मला हाक ऐकू आल्यासारखी वाटली. तुमचीच."

आरशात तिचे डोळे दिसत होते. "नाही गं," मी म्हणालो. "अशा वेळी कान वाजतात. भास होतो."

"हौ," ती म्हणाली, "असंल."

आपल्या नवऱ्याला आपण मारणार होतो, असं त्या दिवसापासून ती धरून चालली. रेंजवाल्यांनी परत दिलेलं पिस्तूल नवऱ्याने कपाटातल्या तिजोरीत ठेवलं आणि तिजोरीचा कोड बदलला. तिला नवीन कोड सांगितला नाही. तिने विचारलाही नाही.

गल्लीत गोष्ट पसरली. संक्रांतीच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणून केलेल्या जेवणाला, आमच्याच घरी पंचवीस माणसं होती. ती तिळगुळाची ताटली घेऊन फिरत होती. एकाने हात पुढे केला आणि मोठ्याने म्हणाला, "तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि वहिनी, गोळी नका घालू!" हशा पिकला. दुसऱ्याने तिच्या नवऱ्याला विचारलं, "काय रे, इन्शुरन्स वाढवलास का नाही?" तीही हसली. हसून ताटली पुढे केली. मी सोफ्यावर बसून होतो, आणि मीही हसलो. हे लिहिताना हात थांबतो, पण हसलो होतो.

उन्हाळा लागला तेव्हा एके दिवशी भांडी लावता लावता माझी बायको म्हणाली, "तिने बाळांचं रक्त काढणं सोडलं, माहितीये का? डेस्कवर काम मागून घेतलं."

"का?"

"म्हणते हात कापतो. मी मुद्दाम बघितलं, परवा सुईत दोरा ओवत होती. काही कापत नाही. पण म्हणते, माझ्या हाताचा भरवसा नाही ताई, कधी काय करेल."

मी डिशवॉशरचं दार लावलं आणि वर निघून गेलो. सांगायला हवं होतं, तिथेच. मनात एक आडोसा धरून होतो: हाक मी मारली, खरं आहे, पण मॅगझीन काढता तिला आली नाही. मला आली असती. म्हणजे थोडी चूक तिचीही आहेच. त्या आडोशाला मी आणखी काही आठवडे काढले.

मग तिचा नवरा पिस्तूल घेऊन आला. गॅरेजचं दार उघडंच होतं. "दादा, हे तुम्हीच कोणाला तरी विकून टाका. घरात नको आता."

"किंमत..."

"जे येईल ते. फुकट गेलं तरी चालते." त्याने ते माझ्या हातात दिलं. "ती तशी नाहीये हो दादा. समजत नाही मला, ती अशी कशी घाबरली."

तो गेल्यावर, विकण्याआधी माझे भाग काढून घ्यावेत म्हणून मी पिस्तूल टेबलावर घेतलं. रिकामं आहे ना, दोनदा बघितलं. आणि कशासाठी कोण जाणे, ड्रॉवरमधून प्लॅस्टिकच्या नकली गोळ्या काढल्या. सरावासाठी असतात, त्या झडत नाहीत. तिच्या चपट्या बुडाच्या मॅगझीनमध्ये त्या भरल्या, एक नळीत ठेवली, आणि त्या दिवशी झालं होतं तसं मुद्दाम अडकवलं.

मग मॅगझीन ओढली. बोटं घसरली.

पुन्हा ओढली. फनेलचा काठ नखांच्या आत गेला. मी टेबलाला टेकून, दात आवळून, ज्या हाताने पाण्याचे जार उचलतो त्या हाताने ओढली, आणि ती हलली नाही. घाई कसलीच नव्हती. मागे कुणी ओरडत नव्हतं. सकाळची वेळ, स्वतःचं गॅरेज, पंख्याचा वारा. तरी मला ती काढता येईना. मधल्या बोटाचं नख मुळाशी तुटलं आणि रक्त आलं.

स्क्रू काढून मी फनेल बाजूला केलं. तोच अडथळा पुन्हा तयार केला. दोन बोटं मॅगझीनच्या बुडाला लागली आणि ती एका हिसक्यात बाहेर आली, गोळ्या टेबलावर गडगडल्या. मला काही तो निकाल पुरेना. फनेल पुन्हा बसवलं, पुन्हा अडकवलं. पुन्हा तेच. माझ्या पिस्तुलावर ते मला कधी नडलं नव्हतं, कारण माझ्या मॅगझीनना जाड बुडं होती, आणि खरं म्हणजे माझं पिस्तूल तसं कधी अडकलंच नव्हतं. सगळं सुरळीत असताना जी वस्तू सोयीची वाटली, तिची अडचणीत परीक्षा मी एकदाही घेतली नव्हती. ती परीक्षा मी तिला द्यायला लावली, खऱ्या गोळ्यांनी, आणि मागून हाक मारली.

मी खाली फरशीवर बसलो. बायको कपडे वाळत टाकायला आली तर मी तसाच, बोटाला रक्त.

"अरे, काय झालं? लागलं का?"

"हाक मी मारली होती," मी म्हणालो.

"कसली हाक?"

मी सांगितलं. सगळं. रेंजवरच्या माणसाला काय म्हणालो ते, गाडीत तिला काय म्हणालो ते. बायकोने कपड्यांची बादली हळूच खाली ठेवली. मला वाटलं ओरडेल. ती इतक्या हळू बोलली की मला वर बघावं लागलं.

"तिला भास झाला म्हणालास?"

"हो."

"त्या पोरीला. भास झाला म्हणालास." ती माझ्याकडे बघत राहिली, जणू गॅरेजमध्ये भलताच कुणीतरी शिरून बसला आहे. मग म्हणाली, "मला कशाला सांगतोयस इथे बसून? ऊठ. ते बोट बांध आणि चप्पल घाल."

चार दारांचं अंतर आम्ही चालत गेलो. दार तिनेच उघडलं. "या ना दादा, ताई. पोहे करून राहिली, बसा." तो सोफ्यावर होता, मुलगी गालिच्यावर ठोकळे रचत होती. माझा चेहरा बघून मुलीने विचारलं, "इज काका ओके?" बायको तिला घेऊन वर गेली.

मी बसलो नाही. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभा राहून म्हणालो, "त्या दिवशी तुला ऐकू आलेली हाक खरी होती. मीच मारली. इकडे बघ म्हणालो, म्हणून तू वळलीस. आणि ती मॅगझीन निघत नव्हती ती मी लावलेल्या फनेलमुळे. आज मी स्वतः ओढून बघितली, मलाही निघाली नाही. तू सगळं बरोबर करत होतीस."

तिने गॅस बंद केला. पाठमोरीच उभी राहिली.

"म्हणजे हाक होती," ती म्हणाली.

"होती."

तिचा नवरा उठून जवळ आला. "दादा, तो माणूस तुम्हाला विचारत होता. मी कानातलं काढून तिथंच उभा होतो ना बाप्पा. तुम्ही नो म्हणालात."

"हो."

"मी कोड बदलला तिजोरीचा," तो म्हणाला, आणि ते मला उद्देशून नव्हतं. तो तिच्याकडे बघत होता.

ती वळली. रडत नव्हती. तिला इतकी संतापलेली मी कधी पाहिली नव्हती. "मागच्या आठवड्यात पाच दिवसांचं बाळ आलं होतं दादा. नवीन बाईला शीर मिळेना. तीनदा टोचलं तिनं त्याला. मी दाराबाहेर उभी होती. मला आत जाऊन एका टोचणीत घेता आलं असतं. पाय नाही उचलला माझा. माझ्या हाताचा भरवसा नाही म्हणून. त्याचा आवाज अजून कानात आहे माझ्या. तो बी भास का?"

मी हात जोडले. "मला माफ कर."

"इथं नका जोडू हात," ती म्हणाली. "संक्रांतीला पंचवीस लोक हसले. मी बी हसली. तुम्ही बी हसलात, मी पाहिलं तुम्हाला. त्यांना सांगा. ग्रुपवर सांगा. लिहू नका, लिहिताना तुम्ही गोलगोल कराल. बोला. माझ्यासमोर बोला."

मी फोन काढला. बांधलेल्या बोटाने रेकॉर्डचं बटण दाबलं जाईना. तिने फोन माझ्या हातातून घेतला, बटण दाबून माझ्या तोंडासमोर धरला. हात अगदी स्थिर होता. मी बोललो, आणि जे बोललो ते असं होतं:

"मी बोलतोय. मागच्या वर्षी रेंजवर गोळी सुटली, त्याबद्दल तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. ती घाबरली असं मी सांगितलं होतं. ते खोटं आहे. ती घाबरली नव्हती. तिच्या पिस्तुलाला मी नको ते भाग लावले, त्यामुळे ते अडकल्यावर मोकळं करता येईना. तरी ती बरोबर तेच करत होती. मी मागून हाक मारली, म्हणून ती वळली. मला विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. तिने मला विचारलं तेव्हा तिला भास झाला म्हणालो. तुम्ही तिला हसलात, तेव्हा मीही हसलो. ज्यांना मी असे भाग लावायला सांगितलेत त्यांनी ते आज काढून ठेवा, नाहीतर माझ्याकडे या, मी काढून देतो. आणि तू. तुझ्या हातात काही दोष नाही, तुझ्या कानात नाही. तू त्या दिवशी काहीच चुकली नाहीस. चुकलो मी, आणि नंतर इतके महिने रोज चुकत राहिलो. तुझी आणि तुझ्या नवऱ्याची मी सगळ्यांसमोर माफी मागतो."